गाडीचा गळा

आमच्या गावात 'गाडी आली काय?' असं कोणी विचारलं तर ते एसटीबद्दल नसतं. गावात ट्रक एकच आहे, आमचा, आणि गाडी म्हणजे तोच. बाबांनी २००४ साली फायनान्सवर नवा कोरा उचललेला टाटा १६१३. टाटाच्या जुन्या गाड्यांच्या नावातच त्यांची पत्रिका असायची. पहिले दोन आकडे भरल्या गाडीच्या वजनाचे, पुढचे दोन ताकदीचे. १६१३ म्हणजे ढोबळमानानं १६ टन आणि १३० हॉर्सपॉवर. मला लहानपणी तो गाडीचा हजेरी नंबर वाटायचा.

बाबांना जाऊन आता काही वर्षं झाली. मी यवतमाळला बी.कॉम. केलं आणि परत येऊन स्टिअरिंग धरलं. यात कोणाची जबरदस्ती नव्हती, एवढं सांगून हा विषय सोडतो. गाडीला १२ वर्षं झाल्यावर नॅशनल परमिट गेलं, तेव्हापासून आमचा मुलूख पैनगंगेच्या अलीकडचा. पिंपळखुटीचा नाका आला की आमचं जग संपलं. दिवाळीनंतर खेड्यांमधला कापूस वणीच्या नाहीतर हिंगणघाटच्या जिनिंगला, म्हणजे सरकी वेगळी करायच्या कारखान्याला, न्यायचा, जिनिंगमधून रुईच्या गाठी मिळाल्या तर त्या न्यायच्या, अधेमधे सोयाबीन, तूर, चणा. एक गाठ १७० किलोची. ६० गाठी भरल्या की गाडीवर १० टनांच्या वर माल होतो, आणि मग यवतमाळच्या चढाला गाडी तुम्हाला स्वतःच्या प्रकृतीबद्दल सगळं खरं खरं सांगते.

मला मात्र लिहायचं आहे ते तिच्या आवाजाबद्दल.

नागपूर-हैदराबाद रस्त्याला आता ४४ नंबर दिला आहे, गावात अजून त्याला सात नंबरच म्हणतात. त्या रस्त्यावरच्या फाट्यापासून आमचं गाव चार किलोमीटर. मध्ये एक नाला, त्यावर रपटा, रपट्यापलीकडे चढ, आणि चढ संपला की पहिलं घर आमचं. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्या मानानं उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि लांबवर पोचतो. हे मला खूप पुढे कळलं. लहानपणी एवढंच ठाऊक होतं की पौष महिन्यात अंथरुणात पडल्या पडल्या फाट्यावर वळणारी बाबांची गाडी ऐकू येते. भऽर्र असा घोगरा सूर, आणि त्यात ठरावीक अंतरानं एक 'फट्'. सर्दी झालेला माणूस भजन म्हणतो तसं. शेजारच्या घरी पोळ्याला बैलाच्या गळ्यात जी घागरमाळ बांधत, ती डोळे मिटून ओळखता येई. आमच्या गाडीच्या गळ्यातही तसं काहीतरी बांधलेलं आहे अशी माझी समजूत होती.

हाच आवाज मला मोठा करायचा होता.

यात मोबाइलचा दोष आहेच. रात्री माल उतरायची वाट पाहत जिनिंगच्या आवारात पडलो असताना अमेरिकेतल्या ट्रकांच्या उभ्या चिमण्या, पंजाबातल्या गाड्यांचे खुले पाइप, हे एकामागून एक समोर येत गेलं. खाली लोक लिहीत होते की नवा एक्झॉस्ट टाकला आणि गाडी पाखरासारखी उडायला लागली. इकडे माझी गाडी भरल्या वजनाला चढावर दुसऱ्या गेअरवर यायची आणि मागे असा काळा धूर सोडायची की फटफटीवाले थांबून रुमाल बांधत. मी मनात हिशेब मांडला: मोठा पाइप, मोठा आवाज, मोठी ताकद. एकाच खर्चात तीन कामं.

पांढरकवड्याला हायवेच्या कडेला एक मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. गॅरेज म्हणजे एक कडुनिंब, चार टिनपत्रे, वेल्डिंगचं मशीन आणि त्या मशीनला चिंध्या गुंडाळून जोडलेली एक केबल, जिच्याकडे मी तरी फार वेळ पाहत नाही. मी म्हणालो, "चाचा, सायलेन्सर काढून टाका. सरळ खाली पाइप लावू. आवाज बाबाच्या टाइमासारखाच पाह्यजे, पण दुप्पट."

ते म्हणाले, "गाडी रात्री इथंच सोड. सकायी थंडं इंजिन आयकू, मंग बोलू."

सकाळी सहाला त्यांनी मला केबिनमध्ये बसवून सेल्फ मारायला लावला आणि स्वतः हातभर रबरी नळी घेऊन इंजिनाशी वाकले. नळीचं एक टोक कानाला, दुसरं मॅनिफोल्डच्या, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळकांड्याच्या, जवळ. डॉक्टरची नळी यापेक्षा वेगळी काय असते? गाडी थंडी असताना तो 'फट्' अगदी मोकळा, कोरडा वाजत होता. दहा मिनिटांत इंजिन तापलं तसा तो मऊ झाला. चाचांनी बिडी पेटवली, मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्याशी धरली आणि मला हात केला. बिडीचा धूर सरळ वर जात होता. चौथ्या आणि पाचव्या सिलिंडरच्या मध्ये आला की ठोक्याठोक्याला बाजूला फेकला जात होता. तिथल्या लोखंडावर काजळीचं एक पीस उमटलं होतं, मोराचं असतं तसं, दांडीसकट. किती वर्षांचं होतं कोण जाणे.

"हा तुह्या गाडीचा आवाज नोहोय, बेटा," चाचा म्हणाले. "हा छेद हाय."

मी पाच मिनिटं काही बोललो नाही. नंतर चहा मागवला.

आता थोडं यंत्राचं. ज्यांना यात रस नाही त्यांनी एक परिच्छेद सोडला तरी चालेल, पण सोडू नये असं मला वाटतं. सिलिंडरमध्ये डिझेल जळलं की तापलेला वायू मॅनिफोल्डमध्ये येतो. आमच्या इंजिनाला टर्बो आहे. वायू टर्बोच्या एका चाकावर आदळतो, ते चाक फिरलं की त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. पाणचक्कीच्या दांड्यावर पंखा बसवावा तसं. ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरची, त्यानं १९०५ साली पेटंट घेतलं. वाया जाणाऱ्या वाफाऱ्यातून काम काढून घेण्याची ही अक्कल मला कुठल्याही मोठ्या पाइपापेक्षा जास्त आवडते. तर आमचा छेद या चाकाच्या आधी होता. पाट मध्येच फुटला तर टोकाच्या वावरात पाणी पोचत नाही, बाकी पाट कितीही रुंद करा. चाक ढिलं फिरणार, हवा कमी जाणार, डिझेल मात्र पायाखाली दाबाल तेवढं येणार. हवेला पुरून उरलेलं डिझेल मग नीट जळत नाही, काळा धूर होऊन जातं. म्हणजे चढावरचा दुसरा गेअर, मागचा धूर आणि माझ्या लहानपणीचा तो 'फट्', तिन्ही एकाच भोकातून आलेले.

सायलेन्सर खाली उतरवून हलवला तर आत भाजल्या फुटाण्यांसारखं वाजलं. पोरानं ग्राइंडरनं कापला. मला वाटायचं आत काचलोकर किंवा जाळी, असलं काहीतरी गच्च भरलेलं असतं. तिथं होत्या पत्र्याच्या भिंती, तीन खोल्या आणि त्यांमधून गेलेल्या भोकांच्या नळ्या. आवाजाची लाट एका खोलीत शिरते, भिंतीवर आपटून परत फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेला भेटते. खोलीची लांबी बेतून ठेवली असेल तर दोन्ही लाटा बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात. इथं एक भिंत गंजून पडली होती आणि एक नळी सुटी लोळत होती. म्हणजे बेत कधीचाच मोडला होता.

आणि बेंड पाइपवर खालच्या बाजूनं एक ठिगळ होतं. जाड, थोडं वाकलेलं, एका कडेनं झिजून पातळ झालेलं लोखंड. मी चिंधीनं पुसलं तेव्हा ओळखलं. वखराची पास. आमच्या वावरात वीस-पंचवीस वर्षं माती कापून हातभराची वीतभर झालेली पास, बाबांनी कापून पाइपाच्या चिरेवर बसवली होती. वेल्डिंगचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे, एक मोठा, दोन लहान. हे कधी केलं असेल? कुठल्यातरी हंगामात, खिशात पैसे नसताना किंवा दुसऱ्या दिवशीचा माल ठरलेला असताना. मला त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही कधी गाडीखाली इतका वेळ पडलो नव्हतो.

चाचांनी विचारलं, "हे ठेवायचं काय?" मी पास पोत्यात गुंडाळून केबिनमध्ये ठेवली. पाइप भंगारात गेला.

कामाला चार दिवस लागले. मॅनिफोल्ड सोडवताना दोन स्टड, म्हणजे इंजिनात रुतलेले बिनडोक्याचे बोल्ट, आतच तुटले. चाचा अशा स्टडच्या तोंडावर नट वेल्ड करतात, तापलेलं असतानाच पान्ह्यानं फिरवतात, आणि तो निघतो. पहिला निघाला. दुसऱ्यानं अर्धा दिवस खाल्ला आणि शेवटी ड्रिल मारावं लागलं, तेव्हा चाचांनी ज्या भाषेत त्याची पूजा केली ती इथं देता येत नाही. मॅनिफोल्ड वाकडा झाला होता, तो लेथवर नेऊन सपाट केला. नवे गॅस्केट, नवे स्टड. टर्बोचा दांडा बोटानं हलवून पाहिला, ढिला नव्हता. मग पाइपाची गोष्ट आली आणि माझं पुन्हा सुरू झालं की निदान टर्बोच्या पुढे तरी मोठा पाइप टाकूच.

या बाबतीत माझं अगदीच चुकलं नव्हतं, हे नमूद करतो. टर्बोनंतरची वाट जेवढी मोकळी तेवढं चाक हलकं फिरतं. 'मागून थोडा दाब पाह्यजेच, नाईतं पिकअप जाते' असं ढाब्यावर छातीठोकपणे सांगणारे भेटतात, पण टर्बोवाल्या डिझेलला ते लागू नाही. चाचांनी तीन इंचीच्या जागी साडेतीन इंची पाइप मान्य केला. बाजारात मिळणारा तयार बेंड नाकारला, कारण तो वळणावर चपटा असतो. त्यांनी सरळ पाइपात वाळू ठोकून ठोकून भरली, दोन्ही टोकांना लाकडी गुट्टे मारले आणि गॅसनं लाल करून सावकाश वाकवला. वाळू आतून धरून ठेवते, म्हणून वळणावर पाइप दबत नाही. वाळू आधी कढईत भाजून घेतली होती, ओली राहिली तर वाफेनं गुट्टा गोळीसारखा उडतो. ती कढई रोज भज्यांना वापरतात असा मला संशय आहे.

पण सायलेन्सर काढून टाकायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. म्हणाले, "आवाज म्हंजे वाया गेलेली ताकद." हे शास्त्राला धरून नाही. एवढ्या मोठ्या इंजिनाचा उघडा आवाज सगळाच्या सगळा विजेत बदलता आला तरी फार तर घरातला एखादा बल्ब पेटेल. आवाज मोठा वाटतो तो आपल्या कानांच्या घडणीमुळे. ऊर्जा दहापट झाली की कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे १३० हॉर्सपॉवरमधून आवाजानं काही चोरलेलं नसतं आणि आवाज वाढवून काही मिळतही नाही. पण मिस्त्रीला हे ऐकवायचं नसतं, तेही त्याच्या हातात तापलेला पाइप असताना.

शिवाय पासिंग महिन्यावर आलं होतं. जुन्या मालगाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १२० क्रमांकाचा नियम सरळ सांगतो की प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवा, शेतातल्या ट्रॅक्टरलासुद्धा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे आणि धुराचे नियम मोडल्याचा दंड दहा हजारांपर्यंत जातो, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. शहरांत बुलेटच्या फटाका सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवतात त्याचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. साडेतीन इंची पाइप, त्याच मापाचा नवा सायलेन्सर आणि नवे क्लॅम्प, एवढ्यावर मिटलं.

नव्या गाड्यांना तर हात लावायचीच सोय नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, आणि आता सायलेन्सरच्या जागी जो पेटारा असतो त्यात काजळी गाळणारा फिल्टर असतो, शिवाय युरियाच्या पाण्यानं विषारी नायट्रोजन ऑक्साइड मारायची व्यवस्था असते. त्या पाण्यात युरिया ३२.५ टक्के, बाकी क्षार काढलेलं पाणी. बाजूच्या गावातल्या एकानं अशी गाडी घेतली. गाडीला युरिया लागतो हे ऐकल्यावर त्याचे आजोबा म्हणाले, "आमी कृषी केंद्रापुढे रांगेत उभे रायतो अन् हे बया बसल्या जागी पेते काय!" वावरातला युरिया त्यात टाकला तर लाखाचं काम निघेल, हे त्यांना समजावता समजावता त्याची दमछाक झाली. त्याची गाडी मात्र एवढी मुकी आहे की रस्त्यावर बसलेली ढोरं उठत नाहीत.

पाचव्या दिवशी मी गाडी काढली. सेल्फ मारला आणि क्षणभर वाटलं, सहापैकी काही सिलिंडर चालूच झाले नाहीत. घोगरेपणा गेला होता. खालून एक जाड, सपाट, भरलेला सूर येत होता, डफाच्या कातड्यावर तळवा ठेवून घुमवावा तसा. 'फट्' नव्हता. चाचा माझ्या तोंडाकडे पाहून हसले आणि म्हणाले, "हा तुह्या गाडीचा आवाज. कंपनीतून आली तवा असाच असंन. तू तवा लहान होतं."

त्या रात्री माल भरला आणि यवतमाळचा चढ तिसऱ्यावर चढलो. आरशात धूर होता, पण त्यातून मागच्या गाडीचे दिवे दिसत होते. अ‍ॅव्हरेज सुधारलं असं मी लोकांना सांगतो, पण माल, रस्ता आणि पाय रोज वेगळा असल्यामुळे त्या आकड्यावर माझा स्वतःचाच पुरता विश्वास नाही. तिसऱ्या गेअरवर आहे. गावातली पोरं नाराज झाली. त्यांना चिमणी हवी होती. कापसाची गाडी भरली की कापूस टपावरून बाहेर फुगतो, त्याच्याशेजारी तापलेली चिमणी उभी करायची म्हणजे होळी गावाबाहेर नेण्याची तयारीच. खरं तर एवढी वर्षं तो छेद घेऊन आम्ही कापूस वाहत होतो, या विचारानं मला त्या आठवड्यात दोनदा जाग आली.

रिकामी गाडी घेऊन घरी निघालो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. फाट्यावर वळलो आणि ज्या गोष्टीचा विचार चार दिवस टाळला होता ती समोर आली. बाबा असताना माय फाट्यावरचा आवाज ऐकून चूल पेटवायची. बाबा हातपाय धुऊन बसले की ताटात पडणारी भाकर तव्यावरची असायची. पुढे माझ्यासाठीही तिनं तेच केलं, चुलीच्या जागी गॅस आला एवढंच. आता तिला काय ऐकू येणार? मी रपटा ओलांडला, चढ चढलो, अंगणात गाडी लावली, इंजिन बंद केलं. वाटलं, दार वाजवावं लागेल.

दार उघडं होतं. तव्यावर भाकर फुगली होती.

मी म्हणालो, "माय, तुले आयकू आली गाडी? आवाज तं बदलला."

"बदलला ना. बरं झालं. त्या फाटक्या आवाजानं डोस्कं उठे माहं."

"मंग तू बाबाची गाडी कशी ओयखे?"

ती माझ्याकडे असं पाहायला लागली की जणू मी तिला आमच्या घराचा पत्ता विचारला. मग तिनं डाव्या हाताची मूठ हवेत पुढे ढकलली, थांबली, आणि परत ढकलली. मला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा घोट गिळावा लागला. बाबा पोरवयात जुन्या टाटा-मर्सिडीजवर क्लीनर होते. टाटा आणि डेमलर-बेंझचा करार १९५४ ते १९६९ असा चालला, पण त्या काळातल्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं रस्त्यावर होत्या. खालचा गेअर टाकताना क्लच दोनदा दाबायचा आणि मध्ये मोकळ्या गाडीला एक रेस द्यायची, हे त्यांच्या हातापायांत तिथंच बसलं. १६१३ ला त्याची गरज नव्हती, तरी शेवटपर्यंत ते तसंच करत. नाल्यात गाडी उतरे, सूर पडे, मग क्षणभर काहीच नाही, मग एकदाच 'व्हूम', आणि मग चढ. चुलीपाशी बसून ती हे ऐकत होती. सायलेन्सर फाटका आहे की धड, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

"आज माही गाडी कशी ओयखली मंग?" मी विचारलं.

"तुह्याच गेअरानं. त्याचा तिसरा नाल्याच्या पल्याड पडे, चढ लागल्यावर." भाकर उलटवत ती म्हणाली. "तुहा अल्याडच पडते. भेतं काय रे तू नाल्याले?"